अर्ध्या गोळीची मोहीम

मला कसलंही औषध लागत नाही, हे वाक्य साताऱ्यात मी इतक्या जणांना ऐकवलं आहे की एव्हाना ते खरं व्हायला हरकत नव्हती. सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या गटात बाकीच्या बायका साखरेचे आणि दाबाचे आकडे सांगू लागल्या की मी गप्प बसते. पण अशी गप्प बसते की ते सगळ्यांना ऐकू जावं. रात्री झोपताना घेते ती अर्धी गोळी मी औषधात धरत नाही. अख्खी घेतली तर औषध. अर्धी म्हणजे फार तर सवय.

ही सवय कुंभकोणमला संपली.

लेकीचं सासर तिथलं. नात व्हायची होती म्हणून गेले. गोळ्या मोजून नेल्या होत्या, पण नातीला सोडून निघायचा दिवस मोजता आला नाही. बरं, विहीणबाईंच्या घरात औषध ही लपवायची वस्तूच नाही. जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी त्यांची सात खणांची प्लास्टिकची डबी उघडी पडलेली असते. शिवाय त्यांच्या गोळ्या चालत दारात येतात. तमिळनाडू सरकारने 5 ऑगस्ट 2021 ला ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम्’ नावाची योजना सुरू केली, तिच्यातली बाई घरी येते, दंडाला पट्टा बांधून दाब बघते, साखरेच्या आणि दाबाच्या गोळ्या हातात देते आणि गल्लीतल्या बातम्याही सांगून जाते. विहीणबाई तिच्यासमोर दंड असा पुढे करतात, जसा काही दरबारात नजराणा स्वीकारताहेत. आणि मी? मी माझी पट्टी पेटीकोटांच्या घडीत ठेवलेली. जावयाला वाटायचं, सासूबाई म्हणजे पोलाद.

तेव्हा दुकानात मी एकटीच गेले. भाषा येत नाही ही अडचण नव्हती. रिकामी पट्टी सगळ्या भाषांत सारखीच. दुकानदाराने ती उलटी केली, मागच्या लाल रेघेवर बोट ठेवलं आणि हात पुढे केला. मी पर्समधून आमच्या डॉक्टरांची चिठ्ठी काढली. घड्यांवर झिजून तिच्या चार चिठ्ठ्या व्हायला आल्या होत्या. आमच्या डॉक्टरांचं अक्षर इतक्या वर्षांत मला एकदाही लागलेलं नाही. मी शाळेत इतिहास शिकवला. तंजावरच्या सरस्वती महालात मोडी कागदांचे ढीग आहेत आणि ते वाचायला माणसं पुरत नाहीत, हे मी मुलांना दरवर्षी हळहळून सांगायची. उगाच हळहळले. तिथे चार औषधविक्रेते नेऊन बसवा. या माणसाने चष्मा न लावता औषध वाचलं, प्रमाण वाचलं, आणि नको ते, म्हणजे तारीखही वाचली. जुनी चिठ्ठी. पुन्हा द्यावं असं कुठे लिहिलेलं नाही. नवी आणा.

इथे माझ्यातला सातारा जागा झाला. मी त्याला इंग्रजीत सांगितलं की मी छत्रपतींच्या गावची आहे. 1676 पासून 1855 पर्यंत या मुलखावर आमच्या भोसल्यांचं राज्य होतं. तंजावरच्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा अख्खा इतिहास मराठीत कोरलेला आहे, 1803 मध्ये. तो कोरवणारे सरफोजीराजे स्वतः डोळ्यांचे रोगी तपासायचे, त्यांच्या नोंदी ठेवायचे, दुखऱ्या डोळ्यांची रंगीत चित्रं काढवून घ्यायचे. त्यांच्या धन्वंतरी महालात औषधं तयार व्हायची. त्यांच्या छत्रांत, म्हणजे धर्मशाळांत, परगावचा वाटसरू आजारी पडला तर त्याला औषधपाणी मिळायचं, आणि त्याला तुझी जुनी चिठ्ठी किती तारखेची असं कुणी विचारत नसे! (हे शेवटचं माझं. पण राजा एवढा सज्जन असताना कारकून तेवढा खडूस असेल असं मला वाटत नाही.)

दुकानदाराने शांतपणे ऐकून घेतलं. तेवढ्यात एक गृहस्थ आले, घशाला हात लावून काहीतरी म्हणाले, आणि बिनचिठ्ठीची अँटिबायोटिकची पट्टी घेऊन गेले. त्यांचं साताऱ्याशी काही नातं नसावं.

गच्चीवर जाऊन डॉक्टरांना फोन लावला. आमचे डॉक्टर म्हणजे ‘ह्यां’चे मित्र. दर रविवारी आमच्याकडे कॅरम खेळायला यायचे आणि हरले की माझ्या चहाला नावं ठेवायचे. दोन्ही मुलांच्या गोवर-कांजिण्या त्यांनी काढल्या. त्यांच्या दवाखान्यात कागदाच्या पुड्यांतून गुलाबी गोळ्या मिळायच्या. कसल्या, ते विचारायची पद्धत नव्हती. असा माणूस मला म्हणाला, “वहिनी, ही गोळी फोनवर लिहिता येत नाही हो.”

मग त्यांनी मला कायदा शिकवला. ती गोळी म्हणजे अल्प्राझोलाम, ती शेड्यूल एच-वन मध्ये येते. हा कायदा 1 मार्च 2014 पासून लागू आहे. दुकानदाराला वेगळी वही ठेवावी लागते. तीत लिहून देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, औषध, किती दिलं ते सगळं, आणि ती वही तीन वर्षं जपून ठेवायची. फोनवरून, व्हिडिओवरून उपचार करायला 25 मार्च 2020 च्या नियमांनी परवानगी दिली खरी. दाबाची, थायरॉइडची गोळी चालू ठेवायची तर ते तसं लिहून देऊ शकतील, पण मन गुंगवणारी औषधं त्यातून स्पष्ट वगळली आहेत. “तुम्ही या, बघतो, लिहून देतो.”

“डॉक्टर, मी कुंभकोणमला आहे. कोरेगावला नाही.”

“मग तिथे कुणाला तरी दाखवा. आणि मधेच एकदम बंद करू नका हं. त्रास होईल.”

म्हणजे घेता येत नाही आणि सोडताही येत नाही. हे मला आमच्या संसाराबद्दलही एकदा कुणीतरी सांगितलं होतं.

मी चिडले ती कायद्यावर नाही. या गोळ्यांच्या नादी लागून माणसं बरबाद झालेली मीही पाहिली आहेत. वही असू दे, लाल रेघ असू दे. पण आमच्या पिढीचं आता असं झालं आहे: थोरला पुण्यात, लेक तमिळनाडूत, आम्ही कधी इथे, कधी तिथे, बाळंतपण आलं की बॅग भरायची. कुटुंब सगळीकडे पांगलं आणि फॅमिली डॉक्टर तेवढा साताऱ्यात राहिला. तो ओळखतो पण लिहू शकत नाही. इथला लिहू शकतो पण ओळखत नाही. एक तरुण डॉक्टर तर माझ्याकडे न बघता म्हणाला, दुसऱ्याने सुरू केलेलं मी लिहीत नाही, योगासनं करा. योगासनं! मी तीस वर्षं मुलांना सूर्यनमस्कार घालायला लावले आहेत.

रात्री मी घरभर फिरते हे विहीणबाईंच्या लक्षात आलं. का फिरते, ते त्यांनी विचारलं नाही. निदान मात्र लगेच केलं. चंद्र. मनाचा कारक चंद्र, तो बिघडला. तेव्हा सोमवारी तिंगळूरला जायचं.

आता इथे मला जरा थांबावं लागेल, कारण कुंभकोणमच्या आसपासचे नवग्रह ही मी पाहिलेली सगळ्यात शिस्तशीर आरोग्यव्यवस्था आहे. प्रत्येक ग्रहाचं स्वतंत्र गाव, स्वतंत्र देऊळ, आणि राहू-केतू सोडले तर स्वतंत्र वार. चंद्र तिंगळूरला, गुरू आलंगुडीला, शुक्र कंजनूरला, राहू तिरुनागेश्वरमला, बुध तिरुवेंकाडुला. शनी तर सीमेपलीकडे पुदुच्चेरीच्या हद्दीत, कारैकालजवळ तिरुनळ्ळारुला बसतो. मोठ्या तज्ज्ञाने राज्याबाहेर बसावं हे साहजिकच. मंगळाच्या गावी, वैत्तीश्वरन कोविलला, शंकर स्वतःच वैद्य आहे. तिथे लोक मीठमिरी वाहून आजार उतरवतात. औषधयोजना सुवाच्य: चंद्राला पांढरं वस्त्र आणि तांदूळ, मंगळाला लाल आणि तूरडाळ, बुधाला हिरवं आणि मूग, शनीला काळं आणि तीळ. मात्रा चुकली म्हणून कुणी परत पाठवत नाही. दरवर्षी तेच पुन्हा घ्या, तारीख कुणी बघत नाही. नऊही ठिकाणं एका दिवसात उरकणाऱ्या गाड्या कुंभकोणमहून सुटतात. सगळ्या तपासण्या एका दिवसात.

आणि या व्यवस्थेलासुद्धा एक शेड्यूल आहे! सूर्यनार कोविलची कथा विहीणबाईंनी सांगितली, लेकीने अर्ध्या झोपेत भाषांतर केलं. कालव नावाच्या मुनीला कळलं की आपल्याला पुढे कुष्ठरोग होणार. त्याने नवग्रहांची आराधना केली. ग्रह बिचारे मऊ मनाचे. त्यांनी वर दिला, तुला रोग होणार नाही. ब्रह्मदेव भडकला. म्हणाला, ज्याच्या त्याच्या कर्माचं फळ ज्याला त्याला पोचवणं एवढंच तुमचं काम. स्वतःच्या अधिकारात सूट द्यायला तुम्हाला कुणी सांगितलं? त्याने शाप दिला आणि तो रोग ग्रहांनाच जडला. मग ते रुईच्या रानात येऊन शंकराची तपश्चर्या करत बसले, रुईच्या पानावर दहीभात खात राहिले, तेव्हा कुठे सुटले. 

मी अंथरुणात ताडकन उठून बसले. ग्रह म्हणजे दुकानदार! लिहून देणारा वेगळा, पोचवणारा वेगळा, आणि पोचवणाऱ्याने दया दाखवून चिठ्ठीशिवाय माल दिला तर परवाना रद्द. कुलोत्तुंग चोळाच्या काळापासून हे देऊळ उभं आहे. म्हणजे नऊशे वर्षं या पंचक्रोशीतल्या माणसांना हा नियम तोंडपाठ आहे, आणि मी तिथे सरफोजी सांगत बसले होते. त्या दुकानदाराबद्दलचा माझा राग तिथल्या तिथे उतरला. घशाला हात लावणाऱ्या गृहस्थांबद्दलचा मात्र नाही.

शेवटी विहीणबाई मला त्यांच्या जुन्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. मी सांगितलं होतं, गुडघा दाखवायचा आहे. बाहेर बाकावर गर्दी. तेवढ्यात साताऱ्याहून डॉक्टरांचा फोन आला, आणि परक्या मुलखात मराठी ही भिंतीआड बोलल्यासारखी सुरक्षित असते या भरवशावर मी खणखणीत आवाजात सगळं सांगितलं: झोपेची गोळी संपलीय, या लोकांना गुडघा सांगितलाय, जावयाला कळलं तर माझी काय अब्रू राहील, आणि ही माझी विहीण, डबीभर गोळ्या खाते पण रात्री घोरते कशी बघा.

फोन ठेवला. शेजारच्या नऊवारी नेसलेल्या आजीबाईंनी माझ्याकडे वळून, जुन्या वळणाच्या पण स्वच्छ मराठीत विचारलं की मी साताऱ्याची कुठली. तंजावरी मराठी! त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं. मी तीस वर्षं वर्गात ज्या मराठी माणसांचा अभिमान बाळगला, ती माणसं अजून इथे राहतात आणि त्यांना मराठी कळतं, एवढं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी काही बोलायच्या आत त्यांनी विहीणबाईंना सगळा फोन तमिळमध्ये सांगितला. घोरण्याचा भाग त्यांनी गाळला की नाही, ते मी अजून लेकीला विचारलेलं नाही.

विहीणबाईंनी दोन बोटांच्या चिमटीत एक अदृश्य गोळी धरली, तिचे दोन तुकडे केले आणि एक दाखवून भुवया उंचावल्या. एवढीच? मी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावर जी कीव आली ती मी जन्मात विसरणार नाही. एवढ्याशा आजारासाठी एवढं लपवाछपवीचं राजकारण! त्यांच्या डबीतला रविवारचा खणसुद्धा माझ्यापेक्षा भारी होता.

डॉक्टरीणबाई सत्तरीच्या असाव्यात. इंग्रजीत म्हणाल्या, दिवसातून कॉफी किती वेळा? माझ्या आधी विहीणबाईंनी बोटं दाखवली, आणि बोटं बरीच होती. आता कुंभकोणमची डिग्री कॉफी, डबरा नावाच्या वाटीतून टंबलरमध्ये फेस येईस्तोवर ओतलेली. ती नाकारणं म्हणजे विहिणीचा अपमान. मी म्हटलं, रात्रीची फक्त अर्धा टंबलर.

“तुमच्याकडे सगळं अर्धंच असतं का?” त्या म्हणाल्या.

त्यांनी सहज विचारलं होतं. मला मात्र उत्तर देता येईना. मग का कोण जाणे, मी कडीचं सांगितलं. ‘हे’ रोज रात्री उठून दाराची कडी बघून यायचे. लावलेली असायचीच, पण बघायचे. तो लोखंडी आवाज झाला की मला झोप लागायची. ते परत येऊन आडवे झालेले मला कधी कळलंच नाही. त्यांच्या दाखल्यावर आमच्या डॉक्टरांनीच सही केली, आणि तेराव्यानंतर स्वतः येऊन ही अर्धी गोळी हातात ठेवली. म्हणाले, पंधरा दिवस फक्त, वहिनी. मी कडी आता स्वतःच बघते. स्वतः बघून आल्यावर झोप लागत नाही.

इंग्रजीत ‘कडी’ला काय म्हणतात ते ऐन वेळी आठवलं नाही, म्हणून मी हाताने करून दाखवली. डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. दाब बघितला, नाडी बघितली, जुनी चिठ्ठी उजेडात धरून बराच वेळ न्याहाळली. मग छापील वाटावं अशा अक्षरात नवी लिहिली: अर्धीच, पुढे दिवसाआड, मग पुन्हा येऊन दाखवायचं. संध्याकाळनंतरची कॉफी बंद, टंबलर कितीही अर्धा असो. दुकानदाराने वही उघडली, माझं नाव विचारलं, आणि विहीणबाईंनी ते सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं.

रात्री साताऱ्याला फोन केला. सगळं ऐकून डॉक्टर म्हणाले, “बरोबर आहे, मीही तेच करणार होतो.” थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, “माझी चिठ्ठी बघून काही म्हणाली का ती?”

“म्हणाल्या, अक्षर किती सुरेख आहे.”

“मग!” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही लोक उगाच नावं ठेवता.”