हेच आमंत्रण समजावे

अण्णा आमच्याकडे आले की दारातूनच विचारतात, "येऊ का?" आत आले की, "बसू का?" चहा पुढे केला तर, "अर्धाच चालेल का?" पंख्याचं बटण दाबायचं तरी आधी परवानगी. एकदा टेबलावर आमचं अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं पडलं होतं. अडलेला शब्द त्यांना येत होता, पण तोही त्यांनी "सांगू का?" असं विचारूनच सांगितला. या माणसाने मला, माझ्या बायकोला, माझ्या ऑफिसच्या पत्त्याला आणि मुलाला क्लाससाठी काढून दिलेल्या पत्त्याला चार वर्षं दर मंगळवारी न चुकता 'तेलधारा' पाठवलं. आणि ते विचारून पाठवायचं असतं, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

अण्णा म्हणजे बँकेतून निवृत्त, मुक्काम डोंबिवली पूर्व, व्यवसाय लाकडी घाण्याचं तेल. शेंगदाणा, करडई, तीळ, खोबरेल. 'तेलधारा' हे त्यांचं ईमेलवरचं साप्ताहिक. त्यात तेलाचे भाव, करडईचे गुण, एक सुविचार आणि घाण्याशेजारी उभ्या अण्णांचा फोटो. तुमच्या ओळखीतले अण्णा कदाचित तेल विकत नसतील. ते विमा विकत असतील, बदलापूरचे फ्लॅट विकत असतील, सहली काढत असतील. पण तुमच्या ओळखीत ते आहेत. आज सकाळी त्यांचं पत्र तुम्ही न वाचता पुसलंत.

अण्णांची चोपडी मी एकदा हातात घेऊन पाहिली आहे. लाल कापडी पुठ्ठा, सुतळीने बांधलेलं बॉलपेन, बँकेच्या खातेवहीसारखे रकाने. नाव, ईमेल, आणि तिसरा रकाना 'कुठे मिळाले'. या तिसऱ्या रकान्यात सगळं चरित्र आहे. 'डोळ्यांचे डॉक्टर, थेंब घालताना.' 'फडके रोड, दिवाळी पहाट.' (तिथे अख्खी तरुण डोंबिवली एकमेकांना बघायला जमते, अण्णा पत्ते गोळा करत होते.) 'लोकल, चौथी सीट.' 'दशक्रिया, नाशिक. दुःखातही कार्ड दिले.' चित्रप्रदर्शनाच्या अभिप्राय वहीतून उतरवून घेतलेली तर पानंच्या पानं. दुसऱ्या कुणाच्या ईमेलमध्ये सीसीला पंचवीस पत्ते दिसले की अण्णांची नजर पंगतीत शेजारच्या ताटातल्या जिलेबीवर जावी तशी तिथे जाते. एकूण ऐवज १,१३७. जीमेल दिवसाला पाचशेच्या वर पत्ते घेत नाही, म्हणून अण्णांनी सोमवार, मंगळवार, बुधवार अशा तुकड्या पाडल्या होत्या. आम्ही मंगळवारचे.

मी एकदा धीर करून म्हटलं, "अण्णा, लोकांना विचारून घालावं नाव." ते खरोखर गोंधळले. "अरे, ओळखीचे आहेत सगळे!"

यात लबाडी नाही, हे मला मान्य करायला हवं. अण्णा ज्या घरात वाढले तिथे लग्नाच्या यादीत एखादं नाव जास्त पडलं म्हणून कुणी रुसलं नव्हतं. रुसवे झाले ते राहिलेल्यांचे. एका आत्याचं नाव राहिलं आणि तिने अकरा वर्षं या घरचं पाणी घेतलं नाही, ही गोष्ट अण्णा अजून सांगतात. वर्तमानपत्रात लग्नाच्या निवेदनाखाली बारीक अक्षरात छापून यायचं, नजरचुकीने निमंत्रण राहिल्यास हेच आमंत्रण समजावे. अण्णांनी हयातभर तेवढीच ओळ मनावर घेतली. गाळणं हे पाप, घालणं हा मान. त्या मानाचं ओझं १,१३७ लोकांच्या डोक्यावर आलं, त्याला ते काय करणार?

गेल्या पावसाळ्यात मात्र गंमत झाली. 'श्रावण सवलत' पाठवताना अण्णांनी मंगळवारची तुकडी, म्हणजे ४१२ माणसं, बीसीसीऐवजी सीसीला टाकली. प्रत्येकाला प्रत्येकाचा पत्ता दिसला. नऊ वाजता एकाने सगळ्यांना उत्तर धाडलं, 'कृपया माझे नाव काढावे.' सव्वानऊपर्यंत 'माझेही' म्हणणारे अकरा झाले. एकाने विचारलं, 'कशातून काढायचे?' एका गृहस्थांनी आडनावावरून दुसऱ्याला विचारलं, 'आपण वाईचे का?' ते वाईचेच निघाले, आणि दुपारपर्यंत चारशे दहा लोकांच्या साक्षीने कृष्णेच्या घाटावरच्या आठवणी चालल्या. संध्याकाळी त्याच ४१२ पत्त्यांवर कुणीतरी पापडांची जाहिरात पाठवली.

अण्णा रात्री साडेनऊला आमच्याकडे आले. "येऊ का" न विचारता आले. "माझ्या यादीवर पापड! न विचारता! काही रीतभात?"

मी त्यांना थंड करायला म्हणून इतिहास सांगितला. ३ मे १९७८ ला अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थ्युर्क या माणसाने आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वरूपावरच्या सुमारे चारशे लोकांना, कुणालाही न विचारता, नव्या संगणकांची जाहिरात एका फटक्यात पाठवली. पत्ते इतके झाले की रकान्यात न मावलेले खालच्या मजकुरात सांडले. लोक भयंकर चिडले. म्हणजे अण्णांची सीसीची चूक जगात पहिली नव्हे, असं मला सुचवायचं होतं. अण्णांनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं आणि विचारलं, "माल खपला का?" आता थ्युर्क स्वतः तर लाखो डॉलर्सची विक्री झाली म्हणून सांगायचा. ते सांगितलं ही माझी चूक.

शेवटी पुण्याहून अण्णांकडे त्यांची पुतणी आली. ती ईमेलवर जाहिराती पाठवण्याचंच काम करते. तिने सांगितलं, "काका, दिवसाला पाच हजारांच्या वर पत्रं पाठवणाऱ्यांना गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून नियम लावलेत. एका टिचकीत नाव काढता आलं पाहिजे, आणि स्पॅमच्या तक्रारी हजारात तीनच्या आत राहिल्या पाहिजेत."

"हजारात तीन? आमच्या चाळीत दहात तीन असायच्या," अण्णा म्हणाले. "आणि आपण पाच हजारांच्या आत आहोत."

"आत असलात तरी लोक स्पॅमचं बटण दाबतातच. पुरेसे लोक दाबतात तेव्हा ज्यांना तुमचं पत्र हवं असतं, त्यांच्याकडेही ते अडगळीत जातं."

हे अण्णांना लागलं. दिवाळीला जुन्या तीन गिऱ्हाइकांनी 'यंदा कळवलं नाहीत' म्हणून तक्रार केली होती, त्याचा उलगडा झाला. मग पुतणीने २०२३ चा विदा संरक्षणाचा कायदा काढला. संमती मोकळ्या मनाने दिलेली हवी, नेमक्या कामापुरती, समजून-उमजून, बिनशर्त आणि निःसंदिग्ध. शिवाय द्यायला जितकी सोपी, तितकीच परत घ्यायला सोपी.

"एवढं तर आमच्या लग्नात हिला कुणी विचारलं नव्हतं," अण्णा म्हणाले. आतून काकूंचा आवाज आला, "विचारलं असतं तर?" तो विषय तिथेच राहिला.

पुतणीने १,१३७ जणांना एकच पत्र लिहिलं. 'तेलधारा' हवं असेल तर 'हो' दाबा, नको असेल तर काही करू नका, नाव आपोआप जाईल. अण्णा हबकले. "काही करू नका म्हटल्यावर लोक काहीच करणार नाहीत!" लोकांनी तसंच केलं. पंधरा दिवसांनी यादीत ९४ जण उरले.

त्या पंधरा दिवसांत अण्णा उतरले. चोपडी घेऊन बसायचे, पेन्सिलीने एकेक नाव तपासायचे. साडू नाही. वाईचे दोघेही नाहीत. काकू नाहीत. "मला घरात ऐकू येतंच की," म्हणाल्या. डोळ्यांचे डॉक्टर मात्र होते. माझी बायको होती. मी नव्हतो.

रविवारी अण्णा आले. "येऊ का?" "बसू का?" मग चोपडी उघडून, "एक विचारू का?"

"विचारा ना."

"तू 'हो' दाबलं नाहीस. नजरचुकीने राहिलं का?"

"नाही अण्णा. मुद्दामच."

त्यांनी थोडा वेळ सुतळीशी चाळा केला. "मग नाव खोडू का?"

"खोडा."

त्यांनी पट्टी मागितली, बँकेत शिकले होते तशी माझ्या नावावर सरळ लाल रेघ मारली, बाजूला तारीख घालून सही केली. चहा अर्धाच घेतला आणि गेले. करडईचं तेल आमच्याकडे अजून त्यांचंच येतं. दर महिन्याला पाच लिटरचा डबा.