कांदा-लिंबू प्रमाण

हॉटेल चांगलं की वाईट हे कशावरून ठरवावं, या प्रश्नाची शास्त्रशुद्ध चर्चा नांदगाव तालुक्यात आजवर झालेली नाही. चर्चा होते, पण ती ‘तिथे नको, मागच्या वेळी तेल फार होतं’ एवढ्यावर आटोपते आणि मंडळी शेजारच्या हॉटेलात जाऊन तेवढंच तेल खातात. ही उणीव भरून काढणे हा प्रस्तुत प्रबंधाचा हेतू.

पूर्वपक्ष इटलीचा घेतला आहे. कारण बाहेर खाण्याबद्दल इटालियन खवय्याइतकी ठाम मतं असलेला मनुष्य, पुणेकर वगळता, पृथ्वीवर आढळत नाही. दुपारच्या जेवणानंतर कॅपुचिनो मागणं, माशाच्या पास्त्यावर चीज किसणं, कार्बोनारात क्रीम ओतणं, ही त्याच्या लेखी सुतकात श्रीखंड खाण्याइतकी गंभीर कृत्यं आहेत. मत नुसतं बोलून तो थांबत नाही. ते नोंदवून ठेवतो. बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये १९७२ साली तालियातेल्ले या पट्टीदार पास्त्याची अधिकृत रुंदी रीतसर दाखल करण्यात आली. शिजल्यावर ८ मिलिमीटर, म्हणजेच गावातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७०वा भाग. नमुना म्हणून सोन्याची एक पट्टीही तिथे आहे. आपल्याकडे शेवभाजीतली शेव हडबीची शेंडी या सुळक्याच्या कितव्या भागाइतकी जाड असावी, हे कोणी ठरवलेलं नाही. मनमाडवरून जाणाऱ्या गाड्यांच्या खिडक्यांतून ती शेंडी पाहणारे पुष्कळ, मोजायला कोणी उतरत नाही.

आता परीक्षणाकडे वळू. हॉटेलांना तारे देण्याची रीत मिशेलिन या फ्रेंच टायर कंपनीने पाडली. मार्गदर्शिका १९०० सालची, तारा १९२६ चा, दोन आणि तीन ताऱ्यांची उतरंड १९३१ ची. एक तारा म्हणजे चांगलं जेवण, दोन म्हणजे वाट वाकडी करून जावं असं, तीन म्हणजे मुद्दाम प्रवास करून जावं असं. माणसं जेवायला लांब गेली की टायर झिजणार, हा त्यातला मूळ विचार. अन्नसमीक्षेचा जन्म रबराच्या खपातून झाला, हे समीक्षकांनी मनाला लावून घेऊ नये. साहित्यसमीक्षेचा जन्म कशातून झाला ते आपण कुठे विचारतो?

नांदगावला मात्र हे काम रेल्वेने करायला हवं होतं, आणि तसा हक्कही होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेरूळची लेणी पाहायला निघालेला साहेब नांदगाव स्टेशनवर उतरून पुढे टांग्याने जाई. १९०० च्या सुमारास मनमाड-औरंगाबाद लोहमार्ग झाला आणि साहेब मनमाडला गाडी बदलू लागला. तीस-पस्तीस वर्षं हातात असताना कोणी एक वही घातली असती, तर आज ताऱ्यांऐवजी थांबे मोजले गेले असते: दोन मिनिटांचा थांबा म्हणजे वडा बरा, दहा मिनिटांचा म्हणजे रस्सा बरा, आणि गाडी सोडून द्यावी असं जेवण म्हणजे सर्वोच्च श्रेणी. टायरपेक्षा हे प्रमाण जास्त विश्वासार्ह, कारण सुटलेली गाडी ही गोष्ट कोणाला खोटी सांगता येत नाही.

इटलीतल्या स्लो फूडवाल्यांनी १९९० साली साध्या खाणावळींची स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. त्यात मनापासून आवडलेल्या जागेपुढे गोगलगाय छापतात. हेतू उदात्त आहे. पण आपल्याकडे हॉटेलच्या दारावर गोगलगाय लावली, तर गिऱ्हाईक वेटरकडे बघून तिचा वेगळाच अर्थ काढील, म्हणून ही पद्धत इथे नामंजूर.

राहता राहिल्या मोबाइलवरच्या चांदण्या. न्यायशास्त्रात शब्द हे प्रमाण आहे खरं, पण सांगणारा विश्वासातला हवा. नव्या हॉटेलला पाच चांदण्या देणारे पहिले चौघे मालकाचे चुलत-मावस भाऊ असतात. पाचवा एक चांदणी देतो, तो समोरच्या हॉटेलचा मेहुणा. सहावा लिहितो, ‘जेवण एकदम घरच्यासारखं.’ इटलीतही हेच, तिकडे आजीच्या हातची चव म्हणतात. हा जर गुण असेल, तर घरी कोणाशी भांडण झालं म्हणून बाहेर आला, तेही लिहायला हवं. शिवाय २०१५ साली ‘इतालिया आ ताव्होला’ या नियतकालिकाने गार्डा सरोवराकाठच्या मोनिगा गावात अस्तित्वातच नसलेलं एक रेस्तराँ अशा चांदण्यांच्या संकेतस्थळावर नोंदवलं आणि थोड्याच दिवसांत ते गावात पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. असं नांदगावात घडणं अशक्य. जे हॉटेल नाही तिथे कोणाची उधारी नसणार, आणि ज्याच्या वहीत गावातल्या एकाचीही उधारी नाही, ते हॉटेल आहे असं इथे कोणी मानणार नाही.

इथवर पूर्वपक्ष. सिद्धान्त आता मांडतो, आणि तोही इटलीनेच सुचवला आहे. तिकडे बिलात ‘कोपेर्तो’ नावाची एक ओळ असते. टेबलावर बसलात, चादर-काटे वापरले, पाव पुढे आला, याचे माणशी दोन-तीन युरो. रोम ज्या लात्सिओ प्रांतात आहे, त्याने २००६ साली कायदा करून हा आकार बंद केला. बाकी बऱ्याच ठिकाणी तो खुशाल चालू आहे. म्हणजे तिथला खवय्या जेवणाची किंमत देतो आणि बसण्याचीही. आपल्याकडे बसणं फुकट, पाणी फुकट, कांदा फुकट, लिंबाची फोड फुकट. सबब, विकत दिलेल्या पदार्थावरून हॉटेलची परीक्षा करू नये. तो चांगला करणं भागच असतं. फुकट काय, किती आणि कोणत्या चेहऱ्याने दिलं, ते पाहावं.

शेवभाजी हे याचं आदर्श उदाहरण. नांदगाव खानदेशाच्या वेशीवर, चाळीसगाव शेजारी, त्यामुळे इथला रस्सा काळ्या मसाल्याचा: कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईतो भाजून, लसूण-आलं घालून वाटलेला, वर तेलाचा तवंग. जाड तिखट शेव त्यात शेवटच्या क्षणी पडली पाहिजे. इटालियन माणूस पास्ता दाताला किंचित लागला पाहिजे म्हणून घड्याळ लावून उभा राहतो. इथे घड्याळ शेवेच्या हातात असतं. पहिल्या भाकरीला ती कुरकुरते, दुसरीला मऊ पडते, आणि तोवर तिने वाटीतला निम्मा रस्सा पिऊन टाकलेला असतो. वाटीत आता चिखल. इथे दुसरा रस्सा लागतो, आणि हॉटेलचा स्वभाव कळतो तो इथेच. उत्तम हॉटेलात वेटर बादली घेऊन आधीच येतो. मध्यम हॉटेलात ‘रस्सा’ म्हणून हाक मारावी लागते. अधम हॉटेलात तो मालकाच्या गल्ल्याकडे एकदा बघतो आणि मग येतो. ते बघणं परीक्षकाने टिपावं.

कांद्याबाबत मात्र सावधगिरी हवी. नांदगाव-मनमाडच्या बाजार समित्यांत कांद्याचे लिलाव होतात, लासलगावही दूर नाही. तरी कांद्याच्या मुलखात कांदा ताटात येईलच असं नाही. २०१९ च्या अखेरीस अवकाळी पावसाने पीक गेलं, निर्यात सप्टेंबरातच बंद झाली होती, आणि डिसेंबरात शहरांत किलोचा भाव शंभराच्या वर गेला. तेव्हा राज्यभर ताटांत कोबी आणि मुळा आला. अशा महिन्यांत केलेलं परीक्षण बाद धरावं. उलट भाव पडलेले असताना ढीगभर कांदा वाढला, तर त्यात मालकाची दानत नाही, बाजार समितीची कृपा आहे. खरी कसोटी मधल्या भावाला लागते. लिंबू उन्हाळ्यात मोजावं. पापड बिलात येतो, म्हणून तो विचाराच्या बाहेर.

यावर एक शंका घेतली जाते आणि ती टाळता येत नाही. तालुक्याच्या गावी पिझ्झा मिळतो. बेकरीचा तयार पाव, टोमॅटो सॉस, सिमला मिरची, मक्याचे दाणे, वर पांढरं किसलेलं काहीतरी, आणि हे सगळं झाकण ठेवून तव्यावर. नेपल्सच्या पिझ्झावाल्यांची संघटना १९८४ सालची; तिच्या नियमाने पिझ्झा भट्टीत साठ ते नव्वद सेकंदांत व्हायला हवा. इथे तेवढ्या वेळात शेगडी पेटते. इटालियन खवय्या या वस्तूला एकही गुण देणार नाही. पण त्यासोबत ओरेगॅनो, चिली फ्लेक्स आणि केचपच्या पुड्या फुकट मिळतात! आमच्या सिद्धान्ताप्रमाणे हे दुकान शेवभाजीवाल्याच्या पंक्तीला बसतं, असा आक्षेप.

त्याचं समाधान असं. पुड्या माणशी दोन, मोजून मिळतात. तिसरी मागितली तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, ‘काका, एक्स्ट्राचे दोन रुपये.’ हा कोपेर्तोच झाला. आक्षेप फेटाळला.