थोडक्यात हुकला

फोटोदादांनी काढलेल्या फोटोंपेक्षा त्यांचे न निघालेले फोटोच आमच्या लालबागच्या चाळीत जास्त प्रसिद्ध आहेत. काढलेल्या फोटोत एक फांदी असते, मागे थोडं आभाळ असतं आणि कोपऱ्यात शेपटीसारखं काहीतरी निसटत असतं. न निघालेल्या फोटोत मात्र सर्पगरुड असतो, त्याच्या चोचीत वळवळता साप असतो, ऊन नेमकं डोळ्यात उतरलेलं असतं आणि अंतर म्हणाल तर ‘इथून त्या नळापर्यंत’.

दादा फोर्टातल्या एका ऑफिसात हिशेब लिहितात. शुक्रवारपर्यंत पैशापैशाचा ताळा जमवणारा हा माणूस शनिवारी संध्याकाळी लेन्स पुसायला बसला की वेगळाच होतो. लेन्स दीडशे-सहाशेची, हप्त्यांवर घेतलेली. मुंबईच्या दमट हवेत काचेला बुरशी धरते, म्हणून ती सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात राहते. डबा मूळचा गव्हाच्या पिठाचा. पीठ आता पिशवीत असतं. “आमच्या घरात पावसाळ्यात फक्त एकालाच सर्दी होत नाही,” असं वहिनी म्हणतात, आणि डब्याकडे बघतात.

झाडीत मिसळून जावं म्हणून दादांनी पानापानांचं लष्करी जॅकेट घेतलंय. ते घातलं की दादर स्टेशनच्या पुलावरून ते लांबून ओळखू येतात. उन्हाळ्यात गल्लीत मिरच्या भाजायला सुरुवात झाली की गॅलरीत वाळत टाकलेल्या या जॅकेटमध्ये वर्षभराचा मसाला मुरतो. एकदा स्टेशनावर हवालदाराने विचारलं, “नळकांड्यात काय आहे?” दादांनी लेन्स दाखवली, मग शटर-स्पीड समजावला, मग कमी उजेडात आयएसओ कुठवर न्यावा ते सांगायला घेतलं. हवालदारच म्हणाला, “साहेब, तुमची गाडी लागली.”

गाडी म्हणजे मध्यरात्रीची शेवटची कर्जत लोकल. पुढे जीपने खांडस, आणि तिथून बॅटरीच्या उजेडात गणेश घाटाने भीमाशंकर. शिडी घाट जवळचा, पण त्या लोखंडी शिड्यांवर ट्रायपॉड पाठीवर घेऊन चढायचं म्हणजे दोघांपैकी एकच वर पोचणार. एवढा आटापिटा शेकरूसाठी. ही राज्यप्राण्याचा मान मिळालेली मोठी, तांबूस खार. 1985 साली भीमाशंकरचं अभयारण्य झालं ते मुख्यतः हिच्यासाठी. ती सकाळी लवकर हिंडते-फिरते आणि ऊन चढलं की फांदीवर पसरते. जमिनीवर सहसा उतरत नाही. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना पाच-सहा मीटरची उडी सहज मारते. दादांना ती उडीच हवी असते. फांदीवर बसलेली शेकरू म्हणजे त्यांच्या मते ‘पासपोर्ट साइज फोटो’.

चाळीत पाणी भरतानासुद्धा गप्प न बसणारे दादा तिथे मान वर करून तासन्‌तास मुके उभे राहतात. शेकरू येते. फांदीच्या टोकाशी थांबते, अंग आवळते. दादा श्वास रोखतात. आणि देवदर्शनाला आलेल्या घोळक्यातली एक आजी मागून विचारते, “कसलं शूटिंग आहे हो? नट कुठाय?” दादा वळतात. शेकरू उडते. कॅमेऱ्यात हलणारी फांदी येते.

रविवारी रात्री गॅलरीत हा प्रसंग साग्रसंगीत सादर होतो. शेजारच्या काकू मेथी निवडायला घेऊन येतात, पोरं पायरीवर बसतात. दादा आधी धुकं उभं करतात, मग झाड, मग स्वतःच शेकरू होऊन पिंपावरून बादलीपर्यंत झेपावतात. आजीचं काम वहिनी करतात. त्यांना संवाद पाठ आहे.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर त्यांना इंद्रवज्र दिसलं तोही प्रयोग गाजला. पाठीशी कोवळं ऊन, समोर दरीत धुकं आणि त्या धुक्यात इंद्रधनुष्याचं पुरतं कडं. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने तिथेच ते पाहिल्याची नोंद सांगतात. रात्रभर चांदण्यांचे फोटो काढल्यामुळे दादांच्या कॅमेऱ्याची बॅटरी मात्र तेव्हाच मान टाकून बसली. “कड्याच्या मधोमध माझी सावली होती,” दादा म्हणाले. शेजारी उभ्या असलेल्या मित्राला त्याची स्वतःचीच सावली दिसत होती, हेही त्यांनी सांगितलं. काकूंनी विचारलं, “म्हणजे फोटो आला असता तरी तुझा चेहरा नसताच?” “नसता.” “मग काही बिघडलं नाही.”

कुणी चेष्टा केलीच तर दादा पक्षितज्ज्ञ सलीम अलींना साक्षीला काढतात. “सलीम अली वाढले कुठे? खेतवाडीत. म्हणजे गिरगावात. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, म्हणून ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे गेले. तिथून सगळं सुरू झालं. खेतवाडी ते लालबाग अंतर ते किती?” अंतर फार नाही हे सगळ्यांनाच मान्य असतं.

“इतकं रात्रीबेरात्री कशाला जायचं? शिवडीला फ्लेमिंगो येतात की! हाकेच्या अंतरावर,” वहिनींनी एकदा सुचवलं. दादांनी चेहरा पाडला. “अगं, ते चिखलात उभेच असतात. हजारोंनी. कुणीही जावं, फोटो काढावा, घरी यावं. त्यात सांगण्यासारखं काय?”

असा माणूस परवाच्या रविवारी घरी आला तो गप्प. जेवला, हात धुतले, आत जाऊन बसला. काकू मेथी घेऊन ताटकळल्या. शेवटी पोरांनी ओढून गॅलरीत आणल्यावर त्याने मोबाईल पुढे केला. हवेत चारी पाय पसरलेली शेकरू, मागे ताठ शेपूट, मिशीचा केस न्‌ केस मोजून घ्यावा अशी स्वच्छ. फोटो हातोहात फिरला. “छान आहे.” “कॅलेंडरवर असतो तसा.” दोन मिनिटांत मोबाईल परत दादांच्या हातात आला.

“आणि मग काय झालं?” काकूंनी विचारलं.

“काही नाही. उजेड चांगला होता. बटण दाबलं, आला.”

“आजी?”

“कुणीच नव्हतं.”

“अरेरे!” काकू म्हणाल्या, आणि मेथीची जुडी पदराखाली घेऊन उठल्या. “असू दे हो. पुढच्या वेळी नाही यायचा.”