सिलोनबाब

डिचोलीच्या बाजारात कुणाच्या मोबाइलवर मुकेश वाजला आणि पाठीमागून "अठ्ठावन्न!" असा आवाज आला, तर दचकू नये. ती मटक्याची जोडी नव्हे. सिलोनबाबांनी 'परवरिश'चं साल सांगितलेलं असतं. मग ते खुर्ची ओढून तुमच्या शेजारी बसतात आणि गाणं तिथंच संपतं. म्हणजे ते वाजत असतं, पण तुम्हाला काही ऐकू येत नाही.

सिलोनबाब हा कुणी एक माणूस नाही. पेडण्यात आहे, साखळीत आहे, डिचोलीत तर वाड्यागणिक एखादा सापडतो. सत्तरी ओलांडलेली, खाणीच्या कचेरीतून नाहीतर मराठी शाळेतून निवृत्ती, बुशशर्टाच्या खिशात चष्मा आणि त्याच खिशात चौघडी घातलेला एक कागद. त्या कागदावर गाण्यांची यादी असते. ती कधी पूर्ण होत नाही.

बाबांच्या मते डिचोलीचा बुधवार हा देवानंच नेमून दिलेला वार. सकाळी आठवड्याचा बाजार, रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला. बाजारात घरच्यांनी सांगितलेली मिरची विसरली तरी चालेल, रेडिओचे सेल विसरून चालत नसे. गीतमाला सुरू झाली १९५२ साली. त्याच सुमारास दिल्लीत केसकर नावाचे मंत्री आले आणि आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी हद्दपार झाली. त्यामुळे अख्खा देश कोलंबोकडे कान लावून बसला. आकाशवाणीला शहाणपण सुचून विविध भारती निघाली ती १९५७मध्ये. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज होते आणि पणजीहून एमिसोरा द गोवा बोलत असे. पण शॉर्टवेव्हला पोर्तुगिजांची चौकी अडवू शकत नव्हती, हे बाब अशा थाटात सांगतात की गोवा मुक्त झाला त्यात अमीन सायानींचाही थोडा हात असावा. १९६६ची पहिली पायरी कुठल्या गाण्याला मिळाली हे विचारलं तर 'सूरज', रफी, शंकर-जयकिशन, हे एका दमात येतं. दुपारी जेवायला काय होतं, हे मात्र घरात विचारावं लागतं.

त्यांच्या घरी बसून आजवर कुणी एक गाणं अथपासून इतिपर्यंत ऐकलेलं नाही. सुरुवातीचे वाद्यांचे तुकडे चालू असताना ते संगीतकार सांगतात. गायिकेनं तोंड उघडलं की राग. मग मधला तुकडा येतो आणि बाब हात वर करतात. "आयक, आयक! हांव कितें सांगतां तें आयक! तीं व्हायोलिनां कोणाचीं?" कोणाचं ते आपल्याला ठाऊक नसतंच. सेबास्त्याव डिसोझा! गोंयकार! तोवर दुसरं कडवं निघून गेलेलं असतं, म्हणून टेप मागे घ्यायची. मागे घेतली की ती अडकते. मग पेन्सिल शोधा.

माझं मत विचाराल तर सिलोनबाबांना गाण्यापेक्षा गाण्याचा एक-चौदाचा उतारा जास्त प्रिय. मालक कोण, कूळ कोण, ताबा कुणाचा. लता मंगेशीची, इंदूरला जन्मली हा निव्वळ योगायोग, इंदूरनं त्याचं भांडवल करू नये. जितेंद्र अभिषेकीही मंगेशीचेच, आणि दोघांचा जन्म १९२९च्या सप्टेंबरातला. "एकाच महिन्यात दोन! सांगा, दुसऱ्या कुठल्या गावानं करून दाखवलंय?" केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी तर १९७७मध्ये व्हॉयेजर यानातून अवकाशात गेली. कॅसेट नेऊन परत न करणाऱ्याला बाब हाच दाखला देतात. "आमच्या गोंयच्या बायेचा आवाज सूर्यमालेच्या वेशीपलीकडे पोचला, आणि तुला बोर्ड्याहून इथवर यायला जमत नाही?"

एका बाबतीत मात्र त्यांना हात जोडावेत. मुंबईच्या सिनेमा-संगीतात गोव्याच्या वादकांनी हयात घालवली, आणि पडद्यावर नाव आलं ते बहुधा संगीतकाराचं. सेबास्त्याव यांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं वाद्यवृंद-संयोजन केलं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस प्यारेलालना व्हायोलिन शिकवत. १९७७च्या सिनेमात अमिताभनं ते नाव घेतलं तेव्हा थिएटरातले लोक हसले, सिलोनबाब तेवढे उभे राहिले. आणि दत्ताराम वाडकर! ढोलकीचा ठेका स्वतःच्या नावानं ओळखला जावा, हे भाग्य किती जणांचं? 'परवरिश'ला संगीत त्यांचंच. हा ठेका बाब हॉटेलातल्या टेबलावर वाजवून दाखवतात. पोऱ्याला वाटतं हाक मारली, तो चहा आणून ठेवतो. दत्ताराम समजून घेईपर्यंत तीन चहा होतात आणि पैसे ऐकणाऱ्यानं द्यायचे असतात.

नाटकाचा विषय काढू नये. जत्रेच्या रात्री देवळासमोर 'कट्यार' उभी राहिली की बाब पहिल्या रांगेत. १९६७च्या मूळ संचात वसंतराव देशपांडे खाँसाहेब आणि आपले प्रसाद सावकार सदाशिव. मग आजचा सदाशिव, जो दिवसा वीज खात्यात असतो, बिचारा कितीही जीव तोडून गायला तरी बाबांकडून त्याला "बरें" इतकंच मिळतं. २०१५चा सिनेमा त्यांनी पाहिला. सहा महिने कुणाशी त्यावर बोलले नाहीत, आणि मग सहा वर्षं त्यावरच बोलले.

चवथ उरकली, पाऊस ओसरला, की अंगणात कॅसेटी बाहेर येतात. पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी धरते. बाब कापसाचा बोळा स्पिरिटात बुडवून एकेक फीत पुसतात, शेजारी बायको सोलां वाळत घालते. कॅसेटी बहुतेक आखातातून आलेल्या, मेव्हण्यानं पॅनासॉनिकसोबत आणलेल्या. पाठीवर पेनानं लिहिलेली नावं आता बाबांनाही वाचता येत नाहीत, पण एखादी हातात घेतली की ते साल सांगतात.

मुलानं त्यांना कारवां घेऊन दिला. पाच हजार गाणी, वर अमीन सायानींची गीतमालाही. घरच्यांना वाटलं, सुटलो. बाब ती गीतमाला फक्त बुधवारी, रात्री आठला लावतात. इतर वारी लावणं त्यांना बरोबर वाटत नाही.

हल्ली सार्वजनिक गणपतीत कराओकेचं वेड आलंय. तुमच्याही वाड्यावर आलं असेल. तेव्हा मंडळांना एकच विनंती: सिलोनबाबांना आग्रहानं बोलवा, पहिल्या रांगेत बसवा, शाल-नारळ द्या. माइक मात्र त्यांच्यापासून चार हात लांब ठेवा.