बसायची पंचाईत

गुडघ्याचा डॉक्टर मराठी माणूस भर लग्नाच्या पंगतीत विचारतो. "वाटी बदलायचीय, चांगला कोण?" म्हटलं की पुण्यातली तीन नावं, फी, भूल कुणी दिली आणि तिसऱ्या दिवशी जिना कसा चढला, सगळं जिलबीबरोबर पानात येऊन पडतं. बायपास झालेला तर बटणं काढून टाके दाखवायला टपलेलाच असतो. अडचण होते ती एकाच जागेची.

म्हणून मूळव्याध, फिशर नाहीतर भगंदर झालेला गृहस्थ आधी इसबगोल बदलतो, मग उशी बदलतो आणि ऑफिसात विचारलंच तर "पाठीसाठी आहे" म्हणतो. अगदीच असह्य झालं की लांबच्या ओळखीत फोन लावतो : "आमच्या एका मित्राला जरा त्रास आहे." पलीकडचाही मुरलेला असतो. तो मेव्हण्याच्या नावावर स्वतःचं अख्खं ऑपरेशन सांगून टाकतो.

चौदाव्या लुईची तऱ्हा वेगळी. १६८६ साली त्याचं भगंदर कापायच्या आधी फेलिक्स या त्याच्या सर्जननं पॅरिसच्या गोरगरिबांवर हात बसवून घेतला. राजा बरा झाला आणि धडधाकट दरबारी त्याच्यासारख्या पट्ट्या बांधून मिरवू लागले! लंडनमध्ये फ्रेडरिक सामननं १८३५ साली निव्वळ याच दुखण्यांसाठी इस्पितळ काढलं, तेच पुढे सेंट मार्क्स झालं. १८४१ मध्ये सामननं चार्ल्स डिकन्सचं भगंदर कापलं, तेही भूल न देता. ईथरची भूल यायला अजून पाच वर्षं होती.

आपल्याकडे नातेवाईक गप्प बसतात तिथं भिंती बोलतात. एसटी स्टँडची मुतारी, रेल्वेचा पूल, विजेचा खांब : 'विनाऑपरेशन, विनावेदना, शंभर टक्के गॅरंटी'. मोबाईल नंबर ठळक, पदवी गायब. डॉक्टरच्या नावाच्या जागी नुसतं 'बंगाली' असलं तरी पुरतं. अशा एखाद्या इंजेक्शनानं चिघळलेली जागा घेऊन माणूस शेवटी खऱ्या सर्जनकडे जातो, तेव्हा आधी कुठे दाखवलं होतं हेही सांगत नाही.

खरा सर्जन शोधणं इतकं अवघड आहे का? जिल्ह्याच्या गावी जनरल सर्जन असतोच आणि यातली बरीच कामं तोच करतो. 'कोलोरेक्टल' अशी पाटी शोधायची तर मुंबई-पुण्यासारखं शहर गाठावं लागतं. पाटी मात्र नीट वाचावी. एम.एस. जनरल सर्जरीचे असतात तसे आयुर्वेदातल्या शल्यतंत्राचेही असतात. २०२० च्या नोव्हेंबरात केंद्रीय अधिसूचनेनं शल्यतंत्रवाल्यांच्या शस्त्रक्रियांची यादीच छापली, त्यात मूळव्याध-भगंदरही होतं. डिसेंबरात ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी त्यावर देशभर बंद पाळला. रुग्णानं तेव्हा नेमकं कुणाकडे बघायचं? निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांची पुटं चढवलेलं क्षारसूत्र भगंदरावर चालतं, हे कित्येक सर्जनही मानतात. दोन्हीकडच्या डॉक्टरांची नोंदणी आपापल्या परिषदेत असते आणि ती तपासता येते. भिंतीवरच्या बंगालीची तेवढी सापडत नाही.

तपासणी दोन-चार मिनिटांची. डाव्या कुशीवर वळून गुडघे पोटाशी घ्यायचे, बाकीचं डॉक्टरचं बोट बघतं. हे बोट टाळण्यात लोक वर्षं घालवतात आणि इथं मात्र विनोद थांबवावा लागतो. शौचातून पडणारं रक्त दर वेळी मूळव्याधीचंच नसतं. मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोगही तसाच रक्त दाखवतो, आणि ताक-सुरणावर काढलेले महिने त्याच्या पथ्यावर पडतात.

एवढं सगळं ओलांडून आमचे गृहस्थ दवाखान्यात पोचतात. वेटिंग रूममध्ये खुर्च्या रिकाम्या, माणसं भिंतीला टेकून उभी. कोपऱ्यात ऑफिसातले साहेब.

"तुम्ही इथं?"

"मेव्हण्याला घेऊन आलोय. तुम्ही?"

"मित्राला."

मेव्हणा दिसत नाही, मित्रही नाही. रिसेप्शनवरची मुलगी दोघांकडे बघून म्हणते, "काका, बसा ना."

"नको, नको," दोघे एकदम म्हणतात.