लढाया, विजय आणि आमची आत्या

नॉस्टॅल्जिया स्वतःच्याच बालपणाचा असायला हवा, असा कुठे कायदा नाही. असता, तर न्यू जर्सीतल्या आमच्या घरी केव्हाच पोलीस आले असते. माझ्या कपाटात मार्व्हलच्या सुपरहिरोंची 1990 साली निघालेली कार्डं आहेत, जाडजूड बाइंडरांत, नंबरवार लावलेली. आणि 1990 साली मी सांगलीच्या गावभागात चौथीत होतो. तिथे कॅप्टन अमेरिका कधी फिरकला नाही. आला असता तर त्याची ती ढाल कृष्णेच्या पुरात तरंगते की बुडते, हे आम्ही आधी पाहून घेतलं असतं.

सुपरहिरो आमच्याकडे अगदीच नव्हते असं नाही. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ होता, पण तो काकाच्या ट्रंकेतून आमच्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचं मुखपृष्ठ आणि शेवटची दोन पानं गेलेली असायची. त्यामुळे तो संकटातून सुटतो की नाही, याबद्दल माझ्या मनात अजून धाकधूक आहे. फास्टर फेणे होता, फुरसुंगीचा, सायकलवाला. त्याला झगा नव्हता, मुखवटा नव्हता, आणि तरी तो वेळेवर पोचायचा. पुण्याच्या रहदारीत ही महाशक्तीच म्हणायला हवी. शक्तिमान दूरदर्शनवर आला 1997 मध्ये. तोवर आम्हांला मिसरूड फुटली होती आणि दप्तरावर स्टिकर चिकटवायची लाज वाटू लागली होती.

आमची खरी दौलत म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं. रँक, उंची, वजन, छाती, दंड, लढती, विजय. एकाने आकडा पुकारायचा, दुसऱ्याने आपला दाखवायचा, ज्याचा सरस त्याने दोन्ही कार्डं घ्यायची. हातात योकोझुना आला की नुसतं ‘वजन’ म्हणायचं. समोरचा निमूट कार्ड सरकवायचा. पानिपताची सनावळी चुकायची, पण कुठल्या पैलवानाचा दंड किती इंच हे आम्ही झोपेतून उठवलं तरी सांगायचो. हिंदकेसरी मारुती माने आमच्याच जिल्ह्यातल्या कवठेपिरानचे. त्यांच्या दंडाचं माप मात्र मला आजही सांगता येणार नाही, कारण ते कुणी कार्डावर छापलंच नाही.

दहावीच्या सुट्टीत आईने घर आवरायला काढलं आणि माझा योकोझुना रद्दीवाल्याकडे गेला. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात, किलोच्या भावाने. दोनशे किलोंहून जड माणूस, पण काट्यावर त्याचं काही वजन भरलं नाही.

हे सगळं सांगायचं कारण, कार्डांच्या बाजाराचं अर्थशास्त्र समजायला आधी आया समजाव्या लागतात. अमेरिकेतल्या आयांनीही एके काळी हेच केलं. पोरगं कॉलेजला गेलं की त्याची बेसबॉलची कार्डं कचऱ्यात. परिणामी जुनी कार्डं दुर्मिळ झाली, आणि टॉप्स कंपनीचं 1952 सालचं मिकी मँटलचं एक कार्ड 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला विकलं गेलं. असल्या किमती ऐकून पुढची पिढी शहाणी झाली. तिने काही म्हणता काही फेकलं नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून कंपन्यांनी भरमसाट कार्डं छापली, आणि लोकांनी ती मुलांच्या शिक्षणाची तरतूद म्हणून माळ्यावर रचली. मुलं शिकली ती शेवटी कर्ज काढून. कारण सगळ्यांनीच जपलेल्या वस्तूला कोण विचारतो? म्हणून 1990 च्या मार्व्हल युनिव्हर्सची न उघडलेली खोकी आजही मिळतात, आणि ढीगभर साधी कार्डं तर वडापावच्या भावात.

आता माझी गंमत पाहा. जे बालपण माझ्या वाट्याला आलंच नाही, ते इथे सीलबंद खोक्यात विकत मिळतं. जे आलं होतं, ते मिरजेच्या बाजूला कुठे तरी लगदा होऊन पुठ्ठ्याचं खोकं झालं असेल. मग मिळतं ते घ्यावं, असा मध्यमवर्गीय विचार मी केला.

बायकोने पहिलं खोकं पाहिलं तेव्हा तिचा प्रश्न साधा होता. “तू लहानपणी हे जमवायचास?”

“नाही.”

“मग आठवण कसली येते?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी तिला होलोग्राम दाखवला. त्या मालिकेत 162 साधी कार्डं आणि 5 होलोग्राम. सिल्व्हर सर्फर उजेडात तिरका धरला की लखलखतो. तिनेही तो तिरका धरला, सरळ धरला, पुन्हा तिरका धरला, आणि म्हणाली, “आमच्याकडे अशा चंदेरी पट्ट्या लग्नाच्या पत्रिकेवर असायच्या.” पण कार्ड परत द्यायला तिने बराच वेळ लावला, याची मी नोंद घेतली.

मी या मालिकेच्या प्रेमात पडलो तो मात्र पुढची बाजू पाहून नव्हे. कार्ड उलटं केलं आणि माझा श्वासच अडकला. खरं नाव, उंची, वजन, प्रथम दर्शन कुठल्या अंकात, कट्टर शत्रू कोण. आणि त्याखाली लढाया, विजय, पराभव, बरोबरी, विजयाची टक्केवारी! बेसबॉलच्या कार्डावर खेळाडूची आकडेवारी असते, त्याच चालीवर. विश्वाचा संहार करायला निघालेला प्राणी, आणि त्याची टक्केवारी काढलेली. हे आकडे मोजले कुणी, कुठल्या रजिस्टरात, याची चौकशी करू नये. आमच्या ट्रम्प कार्डांवरच्या छातीची मापं तरी कुठल्या शिंप्याने घेतली होती?

अशी कार्डं आपल्या नातेवाइकांची असायला हवी होती, असं मला राहून राहून वाटतं. आमच्या आत्याचं सहज भरता येईल. प्रथम दर्शन: मिरज, बाळंतपणाला सिव्हिल हॉस्पिटल. लढाया: मोजदाद नाही. विजय: तितकेच. कट्टर शत्रू: धाकटी जाऊ. विशेष शक्ती: मांडवात शिरताच कुणाचा आहेर कितीचा आहे ते पाकिटाच्या फुगवट्यावरून सांगणे. थोरल्या काकांचं कार्ड त्याहून भारी. लढाया 1, विजय 0, पराभव 0, बरोबरी 0. पुढची तारीख जूनमध्ये. कट्टर शत्रू: सख्खा भाऊ. दावा विहिरीच्या हिश्शाचा आहे. विहीर कोरडी पडून जमाना झाला. पण आमच्या घराण्यात पाण्यासाठी भांडणाऱ्याला हलका समजतात, तत्त्वासाठी भांडावं लागतं. ऑफिसातल्या वरिष्ठांचं कार्ड मी करून पाहिलं होतं. ते इथे देत नाही. हप्ते चालू आहेत.

या मालिकेत 161 क्रमांकाचं कार्ड खुद्द स्टॅन ली यांचं आहे. लेखकाला त्याच्याच देव-दानवांच्या पंगतीला, जवळपास शेवटच्या पाटावर का होईना, पण मानाने बसवलंय. आमच्याकडे लेखकाला पाच प्रती देतात आणि सहावी सवलतीत देऊ म्हणतात.

मोठेपणी जमवायचं म्हटलं की शिस्त आली. कार्ड आधी पातळ पिशवीत, मग जाड प्लॅस्टिकच्या कवचात, मग उभं डब्यात. बोटांना तेल नको, खोलीत दमटपणा नको, आणि मुलं तर नकोतच. माझी लेक अकरा वर्षांची आहे. तिने हा सगळा सोहळा पाहून विचारलं, “बाबा, यांनी खेळतात कसं?”

“खेळत नाहीत. जपतात.”

“मग?”

“मग काय? मग जपतच राहतात.”

तिने आईकडे पाहिलं. त्या दोघींत झालेला संवाद नजरेचा होता, म्हणून लिहून दाखवता येत नाही. नशिबाने एका खोक्यात 36 पाकिटं आणि प्रत्येकात 12 कार्डं, म्हणजे 432. वेगळी फक्त 162. उरलेली सगळी दुबार. ती मी सतरंजीवर ओतली, निम्मी वाटली, आणि तिला सांगलीचे नियम शिकवले. “लढाया!” असं ओरडून तिने माझ्याकडून वुल्व्हरिन नेला, मग थॉर नेला. मी “वजन” पुकारून हल्कने तिची तीन कार्डं मारली, तर तिला इतका राग आला की तिने हल्कच्या कोपऱ्याला चक्क मुडप घातली. हल्क दुबार होता, म्हणून मी शांत राहिलो. दुबार होता हे मी दोनदा तपासलं.

कार्डाला गुण देणाऱ्या कंपन्याही असतात. कार्ड टपालाने पाठवायचं, फी भरायची. ते लोक कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि छपाई मधोमध आहे का हे पाहून दहापैकी गुण देतात आणि कार्ड प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचं बंद करून परत धाडतात. कार्डाच्या किमतीपेक्षा फी जास्त, पण आपल्या पोराला शिकवणीला घालताना कोण हिशेब करतो? माझ्या सर्वांत देखण्या स्पायडरमॅनला मी पाठवलं. निकाल यायला लागले महिने. त्या काळात मी तीच बेचैनी अनुभवली जी आमच्या वडिलांनी बोर्डाच्या निकालाआधी अनुभवली होती, आणि त्यांच्याइतकाच आव आणला की आपल्याला काही फरक पडत नाही.

नऊ मिळाले.

त्या रात्री सांगलीला व्हिडिओ कॉल होता. आईचा आधी समज होता की मी पत्त्यांचा जुगार खेळतो. तो नातीने दूर केला होता. मी पेटी कॅमेऱ्यासमोर धरली. आईने चष्मा लावला.

“किती मिळाले?”

“नऊ. दहापैकी.”

“एक कुठे गेला?”

“छपाई जरा डावीकडे सरकलीय म्हणाले.”

“दहापैकी दहा किती जणांना मिळाले?”

दुर्दैवाने या कंपन्या तोही हिशेब जाहीर करतात. कुठल्या कार्डाला कितीदा किती गुण दिले, सगळं. मी पाहून सांगितलं, “बऱ्याच जणांना.”

“मग तुझ्याच कार्डाला काय धाड भरली होती?” आई म्हणाली, आणि फोन नातीकडे द्यायला सांगितलं.