महोत्सवी चित्रपटास द्यावयाच्या प्रतिक्रिया : संग्रामपूर तालुक्यातील प्रेक्षकासाठी मार्गदर्शन

प्रस्तुत मार्गदर्शन बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या संग्रामपूर तालुक्यातील त्या प्रेक्षकासाठी सिद्ध केले आहे, ज्याने जत्रेतल्या तंबूपासून हातातल्या मोबाइलपर्यंत सर्व ठिकाणी चित्रपट पाहिले आहेत, परंतु महोत्सवात एकही पाहिलेला नाही. महोत्सव म्हणजे आठवडाभर देशोदेशीचे चित्रपट, सहसा प्रत्येकी एक-दोनदाच, दाखवण्याचा उपक्रम. आणि त्यातील ‘स्वतंत्र चित्रपट’ म्हणजे मोठ्या निर्मितीसंस्थेच्या भांडवलावाचून, अनुदान, उसनवारी आणि दिग्दर्शकाच्या कुटुंबीयांची सहनशीलता यांवर उभा राहिलेला चित्रपट, ज्यात गाणे आलेच तर ते शेजारच्या घरातील रेडिओवर लागते आणि मध्येच तुटते. असा चित्रपट समजावा कसा हे शिकवण्यासाठी रसग्रहणाची शिबिरे भरतात. तो पाहताना तोंडाचे, हातांचे आणि विशेषतः गाठीशी असलेल्या माहितीचे काय करावे, याचे शिक्षण मात्र कोठेही मिळत नाही, आणि ती उणीव भरून काढणे एवढाच येथील हेतू आहे.

संग्रामपुरात महोत्सव भरत नसल्यामुळे प्रेक्षकालाच महोत्सवाकडे जावे लागते. नागपूरचा ऑरेंज सिटी महोत्सव त्यातल्या त्यात विदर्भातला. छत्रपती संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ महोत्सव भरतो. भारताचा आंतरराष्ट्रीय महोत्सव २००४ पासून पणजीत स्थिरावला आहे. आणि २००२ साली सुरू होऊन डॉ. जब्बार पटेल यांच्या नेतृत्वाखाली वाढलेल्या पुण्याच्या महोत्सवासाठी शेगावला जाऊन महाराष्ट्र एक्सप्रेस धरावी. पोहोचल्यावर शुल्क भरून गळ्यात ओळखपत्र अडकवून घ्यावे. ते गळ्यात पडताच प्रेक्षकाची गणना ‘डेलिगेट’ या वर्गात होते आणि शिट्टी, नाणी उधळणे, पडद्यावरील पात्रास मोठ्याने सावध करणे हे त्याचे वंशपरंपरागत हक्क संपुष्टात येतात. ‘जय संतोषी माँ’च्या (१९७५) वेळी पादत्राणे बाहेर काढून आत बसलेल्या किंवा ‘सैराट’च्या (२०१६) वेळी खुर्च्यांमधल्या वाटेत नाचलेल्या पिढ्यांना हा बदल जाचक वाटेल, तथापि ‘सैराट’ काढणाऱ्या नागराज मंजुळे यांचाच आधीचा ‘फँड्री’ महोत्सवांतून फिरला तेव्हा त्याच्यासमोर कोणीही नाचले नव्हते, हे ध्यानात घेतल्यास प्रतिक्रिया दिग्दर्शकावर अवलंबून नसून गळ्यातल्या पत्रावर असते, असा निष्कर्ष काढण्यास हरकत नाही.

प्रतिक्रियांचे शास्त्र आपल्याकडे नवे नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात ‘सिद्धी’चा, म्हणजे प्रयोग प्रेक्षकांना पोहोचल्याच्या खुणांचा, सविस्तर विचार आहे. तेथे मानुषी सिद्धी वाचिक आणि शारीरिक अशा दोन प्रकारांत विभागली असून वाचिकात स्मितापासून खदखदून हसण्यापर्यंतच्या पायऱ्या, ‘साधु’, ‘अहो’ आणि ‘कष्टम्’ असे उद्गार व वाढत जाणारा गलका, तर शारीरिकात अंगावर काटा येणे, उठून उभे राहणे, अंगावरचे वस्त्र आणि बोटातली अंगठी नटाकडे टाकणे यांचा समावेश होतो. त्याहून वरची ती दैवी सिद्धी, जिच्यात प्रेक्षागार भरलेले असते, पण आवाज नाही, खळबळ नाही, उत्पात नाही. आधुनिक महोत्सवाने मानुषी सिद्धीची बरीचशी कलमे रद्द करून दैवी सिद्धी सर्वांना सक्तीची केली आहे. उठून उभे राहणे तेवढे टिकले असून फ्रान्समधील कान महोत्सवात त्याचे मिनिटांत मोजमाप होते. २००६ साली ‘पॅन्स लॅबिरिंथ’ या चित्रपटानंतर टाळ्या २२ मिनिटे चालल्याचे सांगितले जाते. वस्त्र टाकण्याची प्रथा बंद पडली हे मात्र बरेच झाले, कारण पुण्यातील जानेवारीत ते परवडणारे नाही.

दैवी सिद्धीचा सराव घरीच करावा. त्यासाठी हंगेरीच्या बेला तार यांचा १९९४ सालचा ‘सातानतांगो’ हा सात तासांहून दीर्घ कृष्णधवल चित्रपट उत्तम, कारण त्याच्या आरंभीच गोठ्यातून गुरे बाहेर पडतात आणि चिखलातून, ओसाड घरांच्या कडेकडेने चालत राहतात, आणि हे सर्व सात-आठ मिनिटे एकाच अखंड दृश्यात, म्हणजे मध्ये कोठेही कात्री न लावता, चालते. संग्रामपूरच्या प्रेक्षकास या अवधीत काही प्रश्न पडणे स्वाभाविक आहे: एवढ्या चिखलात जनावरे सोडली कोणी, गुराखी कुठे गेला, गाभण कोणती, पान्हा कोणत्या गायीला बरा असेल, आणि ही एवढी जनावरे कोणाच्या शेतात घुसली तर भरपाई कोण देणार. वस्तुतः महोत्सवाच्या दालनात गायी पाहणारा तो एकटाच असतो, इतरांना तेथे काळाचा प्रवाह दिसत असतो. म्हणून त्याने गायी खुशाल पाहाव्यात, मात्र चेहरा काळाचा प्रवाह पाहणाऱ्याचा ठेवावा. हनुवटीला अंगठा आणि गालावर तर्जनी लावल्यास हा भाव विनासायास साधतो.

हसण्याचा विषय याहून नाजूक आहे, आणि तो विशेषेकरून वऱ्हाडी माणसाच्या वाट्याला येतो, कारण स्वतंत्र चित्रपटांची एक मोठी खाण त्याच्याच शिवारात आहे. सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) या चित्रपटात शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर अलका या स्त्रीच्या मनात नवऱ्याविषयी धास्ती बसते, आणि ती त्याला एकटा म्हणून सोडत नाही. पोराला त्याच्या मागावर ठेवते, आणि तो बिचारा पाऊस कधी येईल या विवंचनेत असताना हा पहारा त्याच्या भोवती फिरत राहतो. हे पाहून हसू येते, कारण भीतीने घरातली माणसे कशी वागतात हे ज्याने पाहिले आहे त्याला त्यातला वेडेपणा आणि माया एकदमच दिसतात, आणि दिग्दर्शकाने ते तसेच रचले आहे. परंतु महोत्सवाच्या सूचिपुस्तकात चित्रपटाचा विषय ‘शेतकरी आत्महत्या’ असा वाचून बसलेल्या डेलिगेटास हसणे हा गुन्हा वाटतो, आणि तो हसणाऱ्याकडे मान वळवून पाहतो. अशा वेळी प्रेक्षकाने हसू खोकल्यात रूपांतरित करावे. दु:ख आपल्या घरचे असले तरी महोत्सवात ते कसे सोसावे हे दालनाच्या बहुमताने ठरते, ही गोष्ट आधीच पत्करलेली बरी.

यात सबटायटल्सची, म्हणजे पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या इंग्रजी ओळींची, आणखी एक अडचण आहे. ओळ संवाद पूर्ण होण्याआधी उमटते, त्यामुळे वाचणारे आधी हसतात आणि ऐकणारे मागून. शिवाय वऱ्हाडी बोलीतला एखादा टोला इंग्रजीत उतरतच नाही, तेव्हा सगळे दालन गप्प असताना संग्रामपूरचा एकटाच माणूस मोकळेपणी हसतो. भाषा येत असल्यामुळे प्रतिक्रिया चुकण्याचा हा प्रकार फार जुना नसावा. उपाय साधा आहे: कान बंद ठेवून खालची ओळ वाचावी आणि पुणेकरांबरोबर हसावे.

चित्रपट संपला हे ओळखणे हीही एक विद्या आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४), ज्याला व्हेनिस महोत्सवात ‘ओरिझोन्ती’ विभागाचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पारितोषिक आणि पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, न्यायालयाचे कामकाज आटोपते, दालन रिकामे होते, दिवे मालवतात आणि पडदा काळा होतो. पिशवी उचलण्याची ही वेळ नव्हे, कारण चित्रपट त्यानंतर पुन्हा सुरू होतो आणि न्यायाधीश महाशय सुटीला कोठे गेले व तेथे डुलकी लागली असता काय घडले ते दाखवून मगच थांबतो. जो पहिल्या अंधारात उठला त्याची गणना अडाण्यांत होते, आणि जो नामावलीतील शेवटच्या चालकाचे नाव सरकेपर्यंत बसला त्याची जाणकारांत. यावरून नियम असा निघतो की, सफाई कामगार झाडू घेऊन आत आल्याखेरीज उठू नये. ‘फँड्री’चा शेवट त्या मानाने निःसंदिग्ध आहे. त्यातला पोरगा जब्या सगळा अपमान गिळून अखेरीस दगड भिरकावतो, तो थेट कॅमेऱ्याच्या, म्हणजे बसलेल्या प्रेक्षकांच्या, दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. यावर महोत्सवी प्रतिक्रिया टाळ्यांची आहे. आपल्यावर दगड फेकल्याबद्दल टाळ्या वाजवणारा समाज इतिहासात विरळा असेल, परंतु दगड शेजारच्या खुर्चीवरच्याला उद्देशून होता अशी प्रत्येकाची खात्री असल्यामुळे त्या मनापासून वाजतात, आणि संग्रामपूरच्या प्रेक्षकानेही, गावातल्या आपल्या जागेचा फार विचार न करता, त्यांत सामील व्हावे.

झोपेविषयी चिंता नको. इराणचे थोर दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामी यांनी प्रेक्षकाला डुलकी लागू देणाऱ्या चित्रपटांविषयी जाहीरपणे आपुलकी दाखवली आहे, तेव्हा रात्रभर रेल्वेत बसून आलेल्याने त्यांच्या नावावर निःशंक झोपावे. घोरणे मात्र दैवी सिद्धीत बसत नाही. मध्येच उठून जाणे आणि हुर्यो करणे हे प्रकार कानमध्ये प्रतिष्ठित आहेत. इटालियन दिग्दर्शक अँतोनिओनी यांच्या ‘लाव्हेंतुरा’ची तेथे १९६० साली हुर्यो झाली आणि त्याच महोत्सवात त्याला ज्युरी पारितोषिकही मिळाले, आणि १९८७ साली फ्रेंच दिग्दर्शक मोरीस पियाला यांना सर्वोच्च पारितोषिक जाहीर होताच सभागृहातून हुर्यो उठली, तेव्हा त्यांनी मूठ उंचावून, तुम्हाला मी आवडत नसेन तर मलाही तुम्ही आवडत नाही, अशा आशयाचे उत्तर दिले. परंतु शेगावहून तिकीट काढून आलेल्या माणसाने पैसे वसूल होण्याआधी उठून जाणे अर्थशास्त्राला धरून नाही.

खरी कसोटी प्रश्नोत्तरांत लागते. चित्रपटानंतर दिग्दर्शक पडद्यासमोर उभा राहतो आणि ध्वनिक्षेपक रांगांमधून फिरू लागतो. मान्यताप्राप्त प्रश्न तो, ज्यात प्रश्नचिन्ह येण्यापूर्वी किमान दोन परदेशी दिग्दर्शकांची नावे, एक वैयक्तिक अनुभव आणि ‘अवकाश’ हा शब्द येऊन जातो, आणि ज्याचे उत्तर दिग्दर्शकाने “खूप छान प्रश्न” असे म्हणून टाळलेले असते. याउलट ज्याच्या शेतात कापूस असतो, तो विचारतो, “हे पऱ्हाटी कोन्त्या मयन्यातली हाय भाऊ?” समजा, चित्रपटातील घराणे मृगाच्या पावसाची वाट पाहत आभाळाकडे डोळे लावून बसले आहे आणि त्यांच्या मागे धुऱ्यापलीकडे पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, पांढरीशुभ्र बोंडे फुटलेली आहेत; पेरणी जूनमध्ये आणि वेचणी दिवाळीच्या आगेमागे हे ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठी कथा तेथेच थांबते. किंवा समजा, कथा खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णा खोऱ्यातील जमिनीखालचे पाणी खारट असलेल्या भागात, घडते असे सांगितले आहे, आणि नायक विहिरीचे पाणी ओंजळीने गटागटा पिऊन तृप्त होतो. संग्रामपूर तालुक्याचा बराच भाग याच पट्ट्यात येतो. तेथला माणूस त्या ओंजळीकडे पाहून तोंड वाकडे करतो, आणि शेजारचा डेलिगेट समजतो की याला दृश्याने हेलावून टाकले.

असा प्रश्न विचारल्यास सभागृहात सौम्य हशा होतो आणि दिग्दर्शक तो कौतुकाने स्वीकारून पुढे जातो. वास्तविक भरतमुनींची व्यवस्था नेमकी याच प्रश्नासाठी होती. प्रयोगाविषयी वाद पडल्यास निवाडा करणारे जे दहा ‘प्राश्निक’, म्हणजे परीक्षक, त्यांनी सांगितले, त्यांत यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, व्याकरण जाणणारा, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक-वादक आणि राजसेवक येतात, आणि प्रत्येकाने आपल्या कसबापुरते मत द्यावे अशी योजना आहे: अंगाच्या ठेवणीचे सौष्ठव धनुर्धराने तपासावे, शृंगाराचा अभिनय गणिकेने. या न्यायाने पऱ्हाटीच्या चित्रपटास पऱ्हाटीवाला हवा. आधुनिक ज्युरीत दिग्दर्शक, अभिनेते, समीक्षक आणि इतर महोत्सवांचे संचालक असतात, त्यामुळे कॅमेऱ्याचा कोन चुकल्यास तो तत्काळ सापडतो, महिना चुकल्यास पारितोषिकासह जगभर फिरतो. जयंत सोमलकर यांनी ‘स्थळ’ (२०२३) विदर्भातल्या खेड्यात, तिथल्याच माणसांना घेऊन केला आणि टोरांटोपर्यंत नेला, तेव्हा मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांकडून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात हे दाखवताना त्यांना कोणाचा सल्ला घ्यावा लागला नसावा; पण प्रत्येकालाच अशा गावचा असण्याची सोय नसते.

म्हणून प्राश्निकाने आपले काम महोत्सवात न करता आधी उरकावे. तालुक्यात एखादे चित्रीकरण पथक आल्याची वार्ता लागताच, मग ते सोनाळ्याच्या बाजूस डोंगर पाहायला आलेले असो वा वरवट बकालच्या रस्त्यावर बैलबंडी शोधत असो, त्याने त्यांना गाठून महिना कोणता दाखवायचा आहे ते विचारावे, पाणी कोणत्या विहिरीचे प्यायचे ते सांगावे, आणि बैलजोडीचे भाडे दिवसावर ठरवून निम्मे आगाऊ घ्यावे. कारण एकदा चित्रपट पडद्यावर आला की ही रक्कम मागण्यासाठी ध्वनिक्षेपक कोणी देत नाही.